पगारपत्रकातला 'आह' : सिएरा नेवाडातले चिनी मजूर आणि माझी अडलेली कादंबरी

रानजाई

कादंबरी म्हणण्याइतकं अजून काही झालेलं नाही. तीन प्रकरणं लिहून झालीत आणि चौथ्यावर दोन महिने गाडं अडलंय. कारण ऐकून हसाल. नायकाला नाव सापडत नाही.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतो. इथून दीडेक तासावर सिएरा नेवाडा डोंगरातली डॉनर पास ही खिंड आहे आणि तिथे जुन्या रेल्वेचे बोगदे आहेत. १९९३ मध्ये रूळ काढून टाकले, तेव्हापासून लोक त्यातून पायी हिंडतात. सहा नंबरचा बोगदा, समिट टनेल, १,६५९ फूट लांब. गेल्या ऑगस्टात गेलो होतो. बाहेर ऊन चटचटत होतं आणि आत शंभर पावलांवर लेकीनं माझी ओढणी काढून स्वतःला गुंडाळून घेतली. भिंतींवर रंगाच्या फवाऱ्यांची चित्रं, नावं, बदाम, सगळं आपल्या किल्ल्यांवर असतं तसं. पण मोबाइलचा दिवा आडवा धरला की त्या रंगाखाली ग्रॅनाइटमध्ये सरळ पन्हळी दिसतात, बोट बसेल एवढ्या. बोट फिरवत नेलं तर हातभर जातं आणि मग एकदम खडबडीत होतं. सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची ती उरलेली अर्धी बाजू. दुसरी अर्धी १८६६-६७ मध्येच उडून गेली.

ती भोकं हातानं पाडली होती, आणि ते हात जवळजवळ सगळे चिनी होते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सेंट्रल पॅसिफिक कंपनीनं १८६३ मध्ये सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे रूळ टाकायला घेतले. गोरे मजूर टिकेनात. नेवाडातल्या चांदीच्या खाणींची बातमी कानावर आली की टिकाव तिथेच टाकून पसार. तेव्हा बांधकाम बघणारा चार्ल्स क्रॉकर म्हणाला, चिनी घेऊन बघू. त्याच्या हाताखालचा अधिकारी स्ट्रोब्रिज कुरकुरला, की ही किडकिडीत माणसं काय डोंगर फोडणार! तुरळक चिनी आधीही होते, पण १८६५ मध्ये पन्नास जण परीक्षेवर घेतले. दोन वर्षांत दहा मजुरांमागे नऊ चिनी झाले. सगळे मिळून १० ते १५ हजार, काही अभ्यासक २० हजारांपर्यंत जातात. १० मे १८६९ ला युटामध्ये प्रॉमंटरी समिटला दोन्हीकडचे रूळ जुळले, शँपेन उडाली, फोटो निघाला. त्या प्रसिद्ध फोटोत चिनी माणूस शोधून बघा.

आता माझी अडचण. स्टॅनफर्ड विद्यापीठानं (होय, तोच लेलँड स्टॅनफर्ड, या रेल्वेचा अध्यक्ष) २०१२ पासून या मजुरांवर मोठा प्रकल्प चालवला. अमेरिका धुंडाळली, चीन धुंडाळला. एवढ्या हजारांपैकी एकाही मजुरानं लिहिलेलं एकही पत्र मिळालं नाही. उरलीत ती कंपनीची पगारपत्रकं. जानेवारी १८६४ च्या पत्रकात हंग वा हे नाव येतं. तो ऑबर्नचा मजूर पुरवणारा. त्याच्या नावापुढे अख्ख्या टोळीचा पगार. टोळीत कोण होतं, ते लिहायची कंपनीला गरज नव्हती. जिथे कुठे नाव येतं तिथे आह फाँग, आह लिम, आह कुठलातरी. मी पण माझ्या नायकाचं नाव 'आह लिन' ठेवून दिलं, आणि तिसऱ्या प्रकरणानंतर मला कळलं की 'आह' हे नावच नाही. ती हाक आहे. आपण 'अरे बाळ्या' म्हणतो त्यातला 'अरे'!

म्हणजे मी १५० पानं एका 'अरे'वर लिहिली.

एक तुकडा डकवते. फाडून खा.

*कावडीच्या दोन्ही टोकांना दारूची रिकामी पिपं. दारू म्हणजे सुरुंगाची. पोऱ्यानं ती उकळत्या पाण्यानं कितीदा खंगाळली तरी चहाला गंधकाची चव यायचीच. बोगद्याच्या तोंडाशी तो थांबला, डोळे सरावू दिले. आत ठण ठण चालू होतं. तिघं घण घेऊन उभे, चौथा पहार दोन्ही हातांनी धरून उभा. "चहा," पोऱ्या म्हणाला. कोणी वळलं नाही. आज सकाळपासून दगड चार बोटंही आत गेला नव्हता. आह लिननं पहार सोडली आणि हात काखेत घातले. त्याला हात लगेच उघडता येत नव्हते. पोऱ्यानं वाटी त्याच्या तोंडाशी धरली.*

प्रश्न असे आहेत: (अ) ज्याचं नाव इतिहासानं ठेवलं नाही त्याला मी ठेवावं का? (आ) ठेवायचं तर कशाच्या आधारावर? (इ) तुकडा कसा आहे?

---

अबोली

वाचतेय. खूण ठेवतेय.

---

जुनाजाणता

विषय उत्तम. एकच विनंती. तुमच्या पहिल्या तीन प्रकरणांत या रेल्वेच्या वाटेवरच्या केप हॉर्नच्या कड्यावरून वेताच्या टोपलीत बसून खाली सोडलेले, सुरुंगाची वात पेटवून 'वर ओढा' म्हणून ओरडणारे चिनी असतील, तर ते प्रकरण आधी काढा.

---

रानजाई

आहे. दुसरं प्रकरण. सगळ्यात चांगलं जमलेलं तेच आहे हो!

---

जुनाजाणता

तेच होतं नेहमी. ती टोपली इतकी देखणी आहे की तिला कोणी सोडत नाही. पण कामाच्या वेळच्या कागदांत ती नाही. ना इंजिनिअरांच्या अहवालात, ना तेव्हाच्या बातम्यांत. कोलफॅक्सजवळचा तो उतार जाऊन बघा, तुमच्या घरापासून लांब नाही. उभा कडा नाहीच तो, तीव्र उतार आहे. कमरेला दोर बांधून माणूस तिथे उभा राहून काम करू शकतो. टोपलीची गोष्ट नंतर रंगत गेली, आणि मग प्रवाशांना सांगायच्या माहितीपत्रकांत, चित्रांत, शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसली.

माझं म्हणणं एवढंच, की खरं जे होतं ते टोपलीपेक्षा कमी भयंकर नव्हतं. १८६६-६७ च्या हिवाळ्यात समिटला ४४ हिमवादळं मोजली होती तिथल्या इंजिनिअरनं. मजूर बर्फाखाली राहत. झोपडीतून बोगद्याच्या तोंडापर्यंत जायला बर्फातून भुयारं खणलेली, महिनोन् महिने त्याच वाटेनं जा-ये, सूर्य दिसायचा नाही. हिमकडे कोसळून माणसं गाडली गेली, ती उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर सापडली. हे सोडून टोपली कशाला?

---

खवचट_खंडू

कारण टोपली सिनेमात छान दिसते, आणि भुयारात कॅमेरा जात नाही. 😀

---

टाकीचेघाव

मी लेखक वगैरे नाही, प्रतिसाद पण क्वचित देतो. पण तुकडा वाचून राहवलं नाही. आमचं घराणं वडाराचं. आजोबा वाघोलीच्या खाणीत होते, वडील पण सुरुवातीला होते. तेव्हा सांगतो.

पहार धरणारा उभा नसतो. बसतो. एक गुडघा टेकून नाहीतर उकिडवा. उभा राहिला तर घण त्याच्या तोंडावर येईल. आणि तिघं घणकरी एका पहारीला जरा जास्त होतात, त्या अरुंद जागेत तर फारच. दोघं बास. एकाचा घण वर असताना दुसऱ्याचा खाली. ठोका पडला की धरणारा पहार चतकोर फिरवतो. प्रत्येक ठोक्याला फिरवतो. नाही फिरवली तर ती भोकात रुतून बसते, मग अर्धा दिवस गेला. मधूनमधून भोकात पाणी घालायचं, म्हणजे भुकटी उडत नाही, तिचा चिखल होतो. तो काढायला टोक चपटं केलेली सळई असते.

घण मारणारा माणसाकडे बघत नाही, पहारीच्या डोक्याकडे बघतो. आणि धरणारा घणाकडे बघत नाही. बघितलं की हात हलतो. आजोबा सांगायचे, मी मारणाऱ्याच्या पायाकडे बघायचो. त्यांची डाव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. आम्हाला त्याच बोटांनी गुदगुल्या करायचे.

अजून एक. ग्रॅनाइट असेल तर पहार पटापट बोथट होते. मग ती लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून ठोकून टोकदार करून, आणायची. तुमच्या बोगद्यात लोहार कुठे आहेत? भट्टी कुठे आहे? पोऱ्या नुसता चहा घेऊन येणार नाही. तो बोथट पहारी घेऊन जाईल आणि शेवटलेल्या घेऊन येईल. जड काम तेच आहे.

बाकी "हात लगेच उघडता येत नव्हते" हे खरं आहे. ते तुम्हाला कुठून कळलं माहीत नाही.

---

रानजाई

@टाकीचेघाव, तुमच्या एका प्रतिसादानं माझं सहा महिन्यांचं वाचन पाण्यात गेलं. मी वाचलं होतं की दिवसाला जेमतेम फूटभर बोगदा पुढे सरकायचा. दोन्ही तोंडांकडून आणि मधून एक विहीर खणून तिच्या तळातून दोन्ही बाजूंना, असं एकदम चार ठिकाणी काम चालू असूनही ही गत. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, रात्रंदिवस. हे सगळं पाठ होतं. पण धरणारा बसतो की उभा राहतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

हात उघडत नाहीत ते मला माहीत आहे कारण आई जात्यावर दळायची.

---

ठाकूरवाडी

लेखन चांगलंच आहे, पण मला एक साधा प्रश्न पडलाय आणि तो विचारल्याबद्दल राग मानू नये. खंडाळ्याच्या घाटातून रोज हजारो मराठी माणसं गाडीनं जातात. तो घाट कोणी फोडला? १८५६ मध्ये काम सुरू, १८६३ मध्ये गाडी. पंचवीस बोगदे. १८६१ मध्ये एकाच वेळी ४२ हजारांवर माणूस कामावर होतं, तुमच्या सेंट्रल पॅसिफिकच्या कितीतरी पट. पटकीनं किती मेले त्याला हिशेब नाही. ठेकेदार ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत मेला, पुढे त्याच्या बायकोच्या, अ‍ॅलिसच्या, नावावर काम चाललं. तिचं नाव आहे इतिहासात. आपल्या बायका डोक्यावर घमेली वाहत होत्या, त्यांचं आहे का?

आपल्याकडे नाव उरलं ते एकट्या शिंगरोबाचं. त्या धनगरानं साहेबाला घाटातली वाट दाखवली म्हणतात. तो देव झाला म्हणून उरला. जुन्या हायवेवरून जाताना ट्रकवाले अजून नाणं टाकतात.

तर आपलं घर सोडून चिन्यांवर कादंबरी कशासाठी?

---

खवचट_खंडू

मंडळी, धाग्यावर पहिला 'आपलं सोडून' आला. शतकी धागा होणार.

---

रानजाई

@ठाकूरवाडी, राग कशाचा! तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारलाय. खरं उत्तर असं आहे की मी बोरघाटातून लहानपणापासून गेले आणि एकदाही खिडकीतून बोगद्याच्या भिंतीकडे बघितलं नाही. बोगदा आला की आम्ही ओरडायचो, बास. परक्या डोंगरात बोट त्या पन्हळीत घातलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, खंडाळ्याला पण असंच असणार. उशीर झाला, मान्य.

आणि जुळणारं खूप आहे. जानेवारी १८५९ मध्ये बोरघाटात मजुरीवरून दंगा झाला होता, तसा इथे २५ जून १८६७ ला संप झाला. तीन हजारांवर चिनी माणसं एका सकाळी कामावर गेलीच नाहीत. मागणी काय, तर महिना ४० डॉलर आणि कामाचे तास कमी. दारू नाही, मारामारी नाही. क्रॉकरच म्हणाला की वातावरण रविवारसारखं होतं. आणि त्यानं केलं काय? त्यांच्या तळांवर जाणारं धान्य बंद केलं. वर समिटला दुसरं काही मिळत नाही. आठवड्याभरात माणसं कामावर परतली. गोऱ्या मजुराला पगारावर खाणं-राहणं कंपनीचं होतं, चिनी मात्र आपल्या पगारातून आपलं खाणं आणवत. तांदूळ, सुकी मासळी, सुकवलेली कालवं, खारवलेल्या भाज्या. आणि उकळलेल्या पाण्याचा चहा, म्हणून ओढ्याचं कच्चं पाणी पिणाऱ्या गोऱ्यांना हगवण लागायची तेव्हा हे ठणठणीत. संपात नेमकं तेच तोडलं.

माझं तिसरं प्रकरण हेच आहे. टोपली काढली तरी ते राहील.

---

खवचट_खंडू

आता माझा गंभीर प्रश्न (घडतं असं कधीकधी). चिनी माणूस, अमेरिकेतला डोंगर, आणि तोंडी मराठी: 'पोऱ्या', 'घण', 'शेवटून आणली'. वाचकाला नारायणगावच्या बाजारात असल्यासारखं वाटणार नाही? आणि त्यांच्या जिवाची गोष्ट आपण सांगायची, हे तरी बरोबर का? त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत, त्यांनी लिहावं.

---

रानजाई

त्यांनी लिहिलंय, लिहितायत, माझ्यापेक्षा चांगलं. मी त्यांच्याऐवजी लिहीत नाहीये, मराठीत लिहितेय.

भाषेचं म्हणाल तर पहिल्या खर्ड्यात मी सगळं 'शुद्ध' लिहिलं होतं. मजूर बोलायचे 'आपण कार्यास प्रारंभ करू'. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, दूरदर्शनवरचे ऋषी वाटतायत. ही माणसं शेतकरी होती. शेतकऱ्याच्या तोंडी शेतकऱ्याचं मराठी येणार. तळाचा उच्चार त्यांच्या चीनमधल्या तोईसानचा आहे, माझ्या हातात शिरूर तालुक्याचा आहे. मी दुसरं काय करणार?

---

दूरदेशी

अकरा वर्षं हाँगकाँगमध्ये काढली, मोडकी कँटोनीज येते, म्हणून लिहितो.

'आह'बद्दल तुमचं बरोबर आहे. नावाच्या आधी लावायचं सलगीचं अक्षर. मुकादमानं विचारलं असेल याला काय म्हणता, दोस्त म्हणाला असेल आह लिन, कारकुनानं तेच टिपलं. शिवाय त्यांच्यात आडनाव आधी येतं, नाव नंतर. ते साहेबाला न कळल्यानं कित्येकांचं नाव हेच आडनाव होऊन बसलं.

ही माणसं अख्ख्या चीनमधून आली नव्हती, हे कादंबरीत आवर्जून यायला हवं. बहुतेक सगळी ग्वांगडाँगमधल्या चार तालुक्यांतली. त्याला त्यांच्या बोलीत 'से याप' म्हणतात, म्हणजे शब्दशः चार तालुके: तोईसान, होईपिंग, यान्पिंग, सानवुई. जमीन थोडी, तंटे फार. कॅलिफोर्नियाला ते 'गाम सान' म्हणायचे, सोन्याचा डोंगर. मुलगा निघायच्या आधी घरचे त्याचं लग्न लावून देत, म्हणजे पैसे पाठवील आणि परत येईल. आपल्या कोकणातल्या चाकरमान्याचं सख्खं भावंड.

आता गंमत. लग्नात नवऱ्याचं नाव बदलायचं! म्हणजे त्याला एक नवं नाव मिळायचं, मोठेपणाचं. लहानपणीचं वेगळं, लग्नातलं वेगळं, वर हाकेचं. तेव्हा 'नायकाला नाव काय' हा प्रश्न अर्धवट आहे. कोणी हाक मारताना?

---

अबोली

नवऱ्याचं नाव बदलतं, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. 😂

अवांतर: महाबळेश्वरचा चायनामन धबधबा माहीत आहे ना सगळ्यांना? आम्ही दरवर्षी जातो आणि मला वाटायचं कुणा चिनी पर्यटकाच्या नावावरून असेल. तर तिथे चिनी कैदी होते! इंग्रजांनी मलाक्का, पेनांगकडून आणलेले. महाबळेश्वरला त्यांचा तुरुंग होता, १८६४ मध्ये बंद झाला. भाजीपाला पिकवायचे, टोपल्या विणायचे. सुटल्यावर काही तिथेच मळे करून राहिले. धबधब्याला त्यांच्या मळ्यावरून नाव पडलं.

---

जुनाजाणता

म्हणजे टोपल्या विणणारे चिनी अखेर सापडले, पण सह्याद्रीत. (खूप दिवसांनी विनोद केला आहे, सांभाळून घ्या.)

---

माजगावकर

दूरदेशींनी 'से याप' लिहिलं आणि मी उडालोच. आमच्या माजगावला नवाब टँकजवळ चिनी देऊळ आहे, १९१९ च्या सुमाराचं. त्याचं नाव 'सी यूप कून'! इतकी वर्षं मी ते बिनअर्थाचं वाचत आलो. म्हणजे हे त्याच चार तालुक्यांचं देऊळ?

---

दूरदेशी

तेच. कून म्हणजे सभागृह, वाडा. से याप कून, चार तालुक्यांचा वाडा. तुमच्या गोदीवर काम करणारे खलाशी त्याच गावांचे. एक भाऊ कॅलिफोर्नियाला, एक मुंबईला, असंही झालं असेल.

---

माजगावकर

लहानपणी वडील दाखवायला घेऊन गेले होते. आत क्वान कुंग, लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा देव. बांबूच्या नळकांड्यात काड्या असतात. ते हलवत राहायचं, एक काडी बाहेर पडते, तिच्यावरच्या आकड्याचं भविष्य बघायचं. माझी आजी मालवणची. तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे कौल लावतत."

---

रानजाई

कौल!! हे मी घेतलं. माझा माणूस घर सोडायच्या आधी कौल लावणार.

---

दप्तरखाना

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात ३२ वर्षं नोकरी झाली. कादंबऱ्या वाचतो, लिहीत नाही. मूळ प्रश्नावर लिहितो, कारण तो राहूनच गेला.

आपण म्हणता इतिहासानं नाव ठेवलं नाही. इतिहास नाव ठेवत नसतो. कारकून ठेवतो, आणि तोही गरज असेल तरच. हजेरीपट ठेवणाऱ्याला किती डोकी आली, किती दाम द्यायचं, एवढंच हवं असतं. रोजगार हमीच्या कामावरच्या जुन्या हजेरीपटांत मी 'काशीनाथची बायको' असं पान पान वाचलं आहे. ती बाई बिननावाची नव्हती. फक्त त्या कागदाला तिचं नाव नको होतं. तिच्याच नावाचा सातबाऱ्यावरचा वारस फेरफार मी पुढे काढून दिला, तिथे नाव वडिलांसकट पूर्ण होतं. कारण तिथे जमीन होती.

तेव्हा पगारपत्रकात शोधू नका. त्या माणसाचं पूर्ण नाव कोणाला हवं होतं, ते आधी ठरवा. उदाहरणार्थ, तो मेला तर त्याचं काय करत?

---

दूरदेशी

@दप्तरखाना, दंडवत.

मेला तर हाडं घरी जायची. हे नेमानं होत असे. आधी तिथेच पुरायचं, काही वर्षांनी उकरून हाडं स्वच्छ करून पेटीत भरायची आणि जहाजानं हाँगकाँगमार्गे गावी. आपल्या माणसांनी वर्षाचं पाणी दिलं नाही तर मेलेला उपाशी भटकतो, ही समजूत. काम तालुक्यातालुक्यांच्या संस्था करायच्या, माणसं वर्गणी भरायची त्यातलं हे मोठं कारण. जून १८७० मध्ये, म्हणजे रूळ जुळल्यावर वर्षभरानं, सॅक्रामेंटोच्या वर्तमानपत्रात बातमी आहे: रेल्वेच्या वाटेवरून आणलेली सुमारे २०,००० पौंड हाडं गाडीनं शहरातून गेली. साधारण बाराशे माणसं असावीत असा त्यांचा अंदाज.

आणि पेटीवर नाव लागतंच. पूर्ण नाव, तालुका, गाव. नाहीतर उतरवून घेणारा कोणाच्या दारात ठेवणार?

---

ठाकूरवाडी

त्याच रुळांवरून?

---

दूरदेशी

त्याच.

---

टाकीचेघाव

🙏

---

जुनाजाणता

यात पुढची एक भर घालतो, कारण ती कादंबरीकाराला सोडवणार नाही. १८८२ मध्ये अमेरिकेनं कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं, ते १९४३ मध्ये उघडलं, तेही वर्षाला १०५ माणसांपुरतं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी दप्तरं जळाली, चायनाटाउनही जळालं. मग तिथले चिनी म्हणू लागले की आम्ही इथेच जन्मलो, दाखला जळाला. नागरिकाच्या मुलाला आत येता यायचं. म्हणून गावाकडे कागदावरचे मुलगे विकत मिळू लागले. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा बाप, दुसऱ्याच्या घराला किती पायऱ्या हे सगळं पाठ करून यायचं. एंजल आयलंडवर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या तपासणीच्या बेटावर, अधिकारी नेमकं तेच विचारायचे: घराचं दार कुठल्या दिशेला, विहीर कुठे, शेजारी कोण.

म्हणजे बापाचं खरं नाव कोणी लिहून घेतलं नाही, आणि नातवाचं बारकाईनं लिहून घेतलं ते खोटं.

---

रानजाई

तीन दिवस गप्प होते कारण लिहीत होते. टोपली काढली (रडून). चौथं प्रकरण बाजूला ठेवलंय. कादंबरी आता पगारपत्रकापासून सुरू होत नाही. ती १८७० पासून, हाडं गोळा करणाऱ्यापासून सुरू होते. त्याच्याकडे वही आहे. नायकाला बोगद्यात सगळे 'आह लिन'च म्हणतील, कारण तिथे तेच म्हणत असणार. @दूरदेशी, लग्नातलं नाव तुमच्याशी फोनवर बोलून ठरवलं आहे, ते इथे फोडत नाही. खर्डा:

*वहीत लिहिल्याप्रमाणे तिसऱ्या पाइनच्या झाडापासून अकरा पावलं. पोऱ्या आता पोऱ्या राहिला नव्हता, पण जागा दाखवायला त्यालाच आणलं होतं. माती मऊ होती. म्हाताऱ्यानं एकेक हाड पाण्यात बुडवलं, फडक्यानं पुसलं, चटईवर ओळीनं मांडलं. हातांशी आल्यावर तो थांबला. डाव्या पंजाची दोन हाडं सांध्यात वाकडी जुळून आली होती.*

*"हा पहार धरायचा," म्हातारा म्हणाला.*

*"हो. ते तिघं मारायचे, हा बसून फिरवायचा."*

*"नाव?"*

*पोऱ्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि वही पुढे केली. "ते इथे चालत नाही. हे बघ, इथे लिहिलंय." पोऱ्याला वाचता येत नव्हतं. म्हाताऱ्यानं मोठ्यानं वाचलं, आधी तालुका, मग गाव, मग आडनाव, मग ते नाव, जे पोऱ्यानं चार वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.*

*"हा तो नव्हे," पोऱ्या म्हणाला.*

*"तोच," म्हातारा म्हणाला आणि दौत उघडली.*

---

अबोली

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. लवकर टाका.

---

ठाकूरवाडी

आवडलं. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा खंडाळ्याला उतरा. मी येतो बॅटरी घेऊन.

---

टाकीचेघाव

छान झालंय. आजोबांची बोटं ओळखली. पण ताई, "ते तिघं मारायचे" राहिलंय बघा. दोघं करा.